रिकामं वजन

झेल्त्सेच्या यार्डात पहाटे चारला
दवानं भिजलेलं लोखंड जरा जास्तच जड वाटतं.
वाटतं, एवढंच. कागदावर तसूभर फरक पडत नाही.
ऑर्टविन टीडेमान पुढे, हातात हातोडी,
कानामागे खडू,
आणि मी मागे दिवा धरून
डब्याच्या कुशीवरचे पांढरे आकडे वाचत.

"आयगनगेविश्ट," तो म्हणतो. "वाच."
बावीस हजार आठशे पन्नास किलो.
डब्याचं स्वतःचं वजन. माल नाही, माणूस नाही,
फक्त चाकं, चौकट, भिंती.
गंज धरतात का यात, मी विचारलं.
तो हसला नाही.
म्हणाला, गंज आधी वाढवतो, मग खातो.

खाली चौकटीत चार अक्षरं : आ, बे, त्से, डे.
एक्केचाळीस, एकोणपन्नास, सत्तावन्न, सदुसष्ट टन,
प्रत्येकाच्या शेपटीला दशांश एक.
डबा तोच. रूळ बदलतात.
डे रुळावर सदुसष्ट बिनघोर नेणारा
त्सेवर सत्तावन्नालाच हात जोडतो.
"मर्यादा डब्याची नव्हे," टीडेमान म्हणतो,
"पुढच्या पुलाची."

माझे वडील ट्रक चालवायचे,
ब्रेमरहाफनहून लिंत्सपर्यंत गोठवलेली मासळी.
त्यांच्याकडे शब्द वेगळा : लेअरगेविश्ट,
रिकामं वजन.
रिकाम्या ट्रकमध्ये, कायद्याच्या हिशेबानं,
नव्वद टक्के भरलेली टाकी असते
आणि पंचाहत्तर किलोचा एक चालक.
चालक धरूनच रिकामा!
वडील एकशे बारा किलोंचे.
स्टिअरिंगला पोट टेकवून म्हणायचे,
"वरचे सदतीस मी चोरून नेतोय,
सरकारला सांगू नकोस, गेझीने."
नुत्सलास्ट म्हणजे उपयोगी ओझं.
आई म्हणायची, ते सदतीस किलो
त्यात तरी नक्कीच धरता येणार नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात, नीनबुर्गच्या इस्पितळात,
नर्सनं त्यांना खुर्चीसकट काट्यावर ढकललं,
बटण दाबून खुर्ची वजा केली.
पंचाहत्तर.
ते माझ्याकडे बघून म्हणाले,
"घे. बसलो एकदाचा कायद्यात."
पुढच्या मंगळवारी एकाहत्तर.
नंतर मी आकडा विचारला नाही.

"झोपलीस का? ब्रेम्सगेविश्ट."
हे वजनच नव्हे.
टनांत लिहितात, वजनांच्या पंगतीत बसवतात,
पण काट्यावर ठेवायला जावं तर हाती काही लागत नाही.
ही थांबण्याची ताकद.
ती गाडीच्या सगळ्या वजनानं भागायची, शंभरानं गुणायची,
मग कळतं किती वेगानं धावायची मुभा आहे.
ज्याला थांबता येतं
त्यालाच पळू देतात, असं मी वहीत लिहिलं
आणि खोडलं. परीक्षेत असलं चालत नाही.

सतराव्या डब्यात भंगार.
अठ्ठावन्न पूर्णांक चार.
आणि गाडी वळणार त्या फाट्यावर जुना पूल, वर्ग त्से.
एक पूर्णांक तीन टन वर.
भरल्या गाडीला सूप जड नाही, म्हणतात.
म्हणणाऱ्यानं पूल पाहिलेला नसावा.
टीडेमाननं कानामागचा खडू काढून
पहिल्यांदाच माझ्या हातात दिला.
ओल्या पत्र्यावर फुली नीट उमटेना.
दोनदा गिरवली.

डबा तोडून बाजूच्या रुळावर लावला,
आत सायकली, रेडिएटर, एक पांढरा बाथटब,
सगळं वरून दिसत होतं, पुलावर चढलं की.
"त्याचं काही बिघडलेलं नाही," टीडेमान म्हणाला,
"उद्या दुसऱ्या वाटेनं जाईल,
नाहीतर थोडं उतरवतील."
मी मान हलवली.
बोटांना खडूची पूड.
कुठल्या रकान्यात घालतात ही, विचारणार होते,
पण तो चार पावलं पुढे गेला होता,
हातोडी चाकावर वाजली,
घंटेसारखी, म्हणजे तडा नाही.

"अठरावा," तो म्हणाला. "वाच."